वरची खुर्ची, खालची शिडी

(युवक-युवतींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



२४ मार्च २०२०. रात्री आठला पंतप्रधान टीव्हीवर आले आणि बाराच्या ठोक्याला देश बंद झाला. हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या आठच दिवसांनी, १ एप्रिलला, आणखी एक गोष्ट झाली, ती कुणाच्या ध्यानात नाही. शेअर बाजारातल्या पहिल्या एक हजार कंपन्यांच्या संचालक मंडळावर निदान एक स्वतंत्र महिला संचालक हवीच, हा सेबीचा नियम त्या दिवसापासून लागू झाला. स्वतंत्र म्हणजे मालकाची बायको, सून, लेक चालायची नाही.

म्हणजे बघा, वर बाईसाठी खुर्ची मांडत होते आणि त्याच महिन्यात खाली बाईची शिडी काढून घेत होते. मला आज त्या शिडीबद्दल बोलायचंय.

सीएमआयई ही संस्था रोजगार मोजते. तिच्या हिशेबानं २०१९-२० मध्ये देशातल्या कामकऱ्यांत बाया जेमतेम ११ टक्के. एप्रिल २०२० मध्ये जे रोजगार बुडाले त्यात मात्र बाया १४ टक्के. नोव्हेंबरपर्यंत बहुतेक पुरुष कामावर परतले, आणि तोवर न भरून आलेल्या नुकसानीतला जवळजवळ निम्मा वाटा बायांचा निघाला. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२१ च्या अहवालात तर लख्ख लिहिलंय: काम गेलं आणि वर्षअखेरपर्यंत परत मिळालंच नाही असे पुरुष शंभरात सात, बाया शंभरात सत्तेचाळीस.

आता म्हणाल, रोगाला काय बाई-पुरुष कळतो? रोगाला नसेल कळत, घराला कळतो. २०१९ ची सरकारी पाहणी सांगते की घरकामाला हात लावणारी बाई त्यात दिवसाची २९९ मिनिटं घालते आणि पुरुष ९७. हे महामारीच्या आधीचं. मग शाळा बंद झाली, पाळणाघर बंद झालं, म्हातारी माणसं आजारी पडली. हे सगळं कुणाच्या अंगावर आलं? लॅपटॉप एका मांडीवर आणि पोर दुसऱ्या मांडीवर. तिकडे अमेरिकेतही २०२० मध्ये मॅकिन्सीनं कंपन्यांमधल्या बायांना विचारलं, तर चौघींतली एक म्हणाली, काम कमी करावं की सोडूनच द्यावं, याच विचारात आहे. बढतीच्या पायरीवर उभ्या असलेल्या बायाच खाली उतरल्या, तर दहा वर्षांनी वरच्या खुर्चीत बसायला आणणार कुणाला?

मुंबईचंच घ्या. २१ ऑक्टोबर २०२० ला सगळ्या बायांना लोकलचा दरवाजा उघडला. वेळ कुठली? सकाळी अकरा ते तीन, आणि संध्याकाळी सातनंतर. नऊला ऑफिस गाठायचं असतं त्या बाईनं या उपकाराचं काय करायचं?

आता आपल्या माणसांकडे येते. सोसायटीच्या गेटवर वॉचमननं जिला अडवलं ती धुणंभांडी करणारी बाई कोण होती? आपली आई, मावशी, वहिनी. ती गेटवर अडली आणि आत मॅडमचं करिअर डगमगलं. तेव्हा कुठं कळलं, कॉन्फरन्स रूममधली खुर्ची कुणाच्या हातांवर उभी आहे ते! पण सहा महिने त्या हातांना पगार किती घरांनी दिला, हे तुमच्या वस्तीत विचारून बघा.

आणि तिची लेक? पदवी घेऊन कॉल सेंटरला, मॉलला, कंत्राटावर लागलेली घरातली पहिली पोरगी. कंत्राट संपलं, घरात मोबाईल एक, तो भावाला. आईबाप म्हणाले, बसून काय करतेस, स्थळ बघू. एका पिढीची शिडी अशी काढली जाते, मित्रांनो. आवाजसुद्धा होत नाही.

कोल्हापूरच्या लीना नायर २०२२ मध्ये शनेलच्या प्रमुख झाल्या. अभिमान आहेच. पण एका नावानं शिडी बनत नाही. २०१२ मध्ये अशाच एक हजार कंपन्यांची मंडळं अभ्यासकांनी तपासली. ९३ टक्क्यांच्या आसपास संचालक उच्चवर्णीय, दलित-आदिवासी मिळून साडेतीन टक्के! कायदा बाई मोजतो, जात मोजत नाही. मग ती एक खुर्ची कुणाच्या घरी जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

महामारी आपल्याला नवी नाही. प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीमाई १० मार्च १८९७ ला गेल्या. १९२८ मध्ये बाबासाहेब मुंबईच्या कौन्सिलात उभे राहून म्हणाले की बाळंतपणातल्या विश्रांतीचा भार सरकारनं आणि मालकानंही उचलावा. २०१७ च्या कायद्यानं पन्नास माणसांच्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचं केलं. तुमच्या कंपनीत आहे का? उद्या जाऊन विचारा.

मागण्या तीन. गेलेल्या बायांना त्यांच्या नोकरीची वर्षं धरून परत घ्या. पाळणाघर कागदावर नको, इमारतीत हवं. आणि कंपन्यांनी बाया मोजताना जातही मोजावी.

चौथी मागणी तुमच्याकडे आहे, पोरांनो. मोर्च्यात घोषणा देता, मग घरी येऊन ताट सरकवता. त्या २९९ मिनिटांतली शंभर आज रात्रीपासून तुम्ही घ्या. सेबीच्या नियमाची त्याला गरज नाही.

जय भीम!