पेन्सिलीच्या फुल्या

अभिनंदनाला त्यांनी दोन वाक्ये दिली. एक व्यवस्थापनशास्त्राची पदवी घेणाऱ्या मुलामुलींसाठी, एक त्यांच्या आईवडिलांसाठी. मग छापील भाषणाची घडी घालून ती पर्समध्ये ठेवली आणि राष्ट्रीयीकृत बँकेत पस्तीस वर्षे काढलेल्या प्रमुख पाहुण्या म्हणाल्या, "मला आज पिग्मी एजंटाविषयी बोलायचं आहे."

सभागृहात पालकांच्या बाजूला ओळखीचे हसू उमटले. काळे झगे घातलेली मुले एकमेकांकडे बघू लागली. त्यांच्यातल्या अनेकांनी शाखेची पायरीही क्वचितच चढली असेल, कारण त्यांची बँक फोनात असते. बाईंना हे ठाऊक असावे. त्यांनी सगळे पहिल्यापासून सांगितले. उडुपीला १९२५ साली सुरू झालेल्या, पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखल्या गेलेल्या बँकेने १९२८मध्ये एक योजना काढली. बँकेचा माणूस रोज दारात येणार आणि दोन आणे का होईना, पण घेऊन जाणार. बँकेच्या संस्थापकांपैकी एक टी. एम. ए. पै आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुजवलेली ही पिग्मी ठेव पुढे महाराष्ट्राच्या बाजारपेठांत इतकी मुरली की गावोगावच्या पतसंस्था तिच्याच जोरावर उभ्या राहिल्या. पानवाला, न्हावी, भाजीवाली अशा ज्या लोकांना शाखेच्या काचेच्या दाराची भीती वाटे, त्यांच्यापर्यंत बँक सायकलवरून पोचली.

१९८२ साली भरती मंडळाची परीक्षा देऊन बाई तासगाव भागातल्या एका शाखेत क्लार्क म्हणून रुजू झाल्या. तिथे अण्णा म्हणून एक वयस्क एजंट होते. खाकी पिशवी, सायकल, कार्डांचा गठ्ठा. संध्याकाळी पेठेतून फिरायचे, सकाळी शाखेत भरणा करायचे. पावसाळ्यात त्यांच्या नोटा भिजून यायच्या आणि बाई त्या पंख्याखाली काउंटरवर पसरून वाळवायच्या. एकदा बाई पेठेत गेल्या असताना एका फुलवालीला त्यांनी सहज विचारले, तुमचे खाते आमच्याच बँकेत ना? ती म्हणाली, "बँक कुठली ते मला ठावं न्हाई. मी पैसं अण्णांकडं ठेवते."

बाईंनी हे वाक्य दोनदा सांगितले. दुसऱ्यांदा आवाज जरा खाली आला होता.

त्या शाखेत साडेदहाच्या सुमाराला चहा यायचा. कप कर्मचाऱ्यांइतकेच असायचे. एजंट नोकरीत नव्हते, कमिशनवर होते. त्यांना रजा नाही, निवृत्तिवेतन नाही आणि चहाही नाही. नवे मॅनेजर आले तेव्हा त्यांनी पहिल्याच आठवड्यात कपाला हात न लावता शिपायाला विचारले, "अण्णांचा चहा कुठं आहे?" त्या दिवसापासून कप वाढले. ठेव गोळा करणारी ही माणसे कायद्याने कामगारच ठरतात, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली सिंडिकेट बँकेच्या प्रकरणात दिला. नेमणुकीवरच्या कर्मचाऱ्यांची बरोबरी त्यांना तेव्हाही मिळाली नाही. तासगाव भागातले अण्णा तोवर राहिले नव्हते.

याच मॅनेजरांची दुसरी आठवण सांगायला बाईंनी भाषणातला सर्वांत मोठा वेळ घेतला, आणि तो सार्थकी लागला. महिन्याच्या पहिल्या आठवड्यातला दिवस, निवृत्तिवेतन घेणाऱ्यांची रांग, कॅशला बाई. संध्याकाळी रोकड जुळेना. हजार रुपये कमी, म्हणजे दहाच्या नोटांची एक गड्डी जास्त दिली गेलेली. कॅशियरची तूट कॅशियरने भरायची, हा नियम. नवख्या क्लार्कच्या डोळ्यांपुढे अंधारी यावी एवढी ती रक्कम होती. मॅनेजरांनी दार लावून घेतले नाही की आवाजही चढवला नाही. त्यांनी दिवसभराच्या पैसे काढायच्या स्लिपा मागवल्या, मोठ्या रकमांच्या तीन बाजूला काढल्या आणि शिपायाला स्कूटरवर मागे बसवून निघाले. दुसऱ्याच घरी गड्डी सापडली. बेदाण्याच्या व्यवहारासाठी पैसे नेलेल्या त्या शेतकऱ्याने पिशवी अजून उघडलीही नव्हती. स्टेपल मारलेली गड्डी होती तशी परत आली.

दुसऱ्या दिवशी बाईंना वाटले होते, आपल्याला लेजरवर बसवतील. मॅनेजर म्हणाले, "आज कॅशला तुम्हीच बसा." आणि जाता जाता, इतर कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने, "चूक झाली की आधी माझ्याकडे यायचं, मग घरी जायचं. काल तसंच केलंत, म्हणून पैसे मिळाले."

बऱ्याच वर्षांनी बाईंनी हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांच्या संशोधनाविषयी वाचले. रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका मोजायला गेलेल्या एडमंडसन यांना वाटले होते की चांगल्या चमूंमध्ये चुका कमी आढळतील. आकडे उलटे आले. ज्या विभागांत माणसे एकमेकांशी मोकळी होती, तिथे चुकांची नोंद जास्त होती, कारण तिथे कुणी चूक लपवत नव्हते. बाईंना त्यात नवे काही वाटले नाही. स्कूटरवरून गेलेले मॅनेजर आठवले.

इथून भाषण ३१ डिसेंबरच्या रात्रींकडे वळले. बँकांचे हिशेबी वर्ष तेव्हा डिसेंबरअखेर संपे. १९८९पासून ते मार्चअखेरीवर आले. बाहेर नवे वर्ष सुरू होत असताना आत पाच-सहा जण लेजरची पाने उलटत बसलेले असत. फरक चार पैशांचा असला तरी सापडेपर्यंत कुणी उठत नसे. आजच्या संगणकांना हे काम क्षणाचे आहे आणि त्याबद्दल बाईंना आनंदच आहे. मात्र त्या रात्री ज्यांच्या खात्यांवरून बोट फिरायचे त्या लोकांची नावे, सह्या, कुणाच्या मुलीचे लग्न ठरले, कुणाची विहीर आटली, हे सगळे पाठ होऊन जायचे. पुढे दुसऱ्या एका मॅनेजरने एजंटांच्या 'लाइनी', म्हणजे रोजच्या फेरीच्या गल्ल्या, समान वाटून टाकल्या. कागदावर वाटणी सरळ दिसत होती. फुलवालीच्या गल्लीत नवा माणूस जाऊ लागला आणि दोन महिन्यांत त्या गल्लीतली निम्मी कार्डे बंद झाली. वाटणीचा मसुदा बाईंच्याच हातचा होता. त्यांनी तो करताना अण्णांना विचारले नव्हते.

विश्वास मोडला की काय होते, हे त्यांनी दूरच्या उदाहरणाने सांगितले. १९६० साली केरळातली पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक कोसळली. ठेवीदार उघड्यावर पडले. त्या धक्क्यातून देशात ठेव विम्याचा कायदा आला आणि १ जानेवारी १९६२पासून ठेवीला संरक्षण मिळाले. तेव्हा मर्यादा होती १,५०० रुपये, २०२०पासून ती ५ लाख आहे. शाखेत दिलेल्या चुकीच्या सल्ल्याला मात्र असा विमा नाही, असे म्हणून बाई थांबल्या आणि पाणी प्यायल्या. पुढे त्या जे बोलल्या त्यासाठीच त्या आल्या होत्या, असे ऐकणाऱ्याला वाटले.

सन २००० नंतर विम्याचे क्षेत्र खुले झाले आणि बँकांच्या काउंटरवर पॉलिस्या आल्या. बाई तोवर शाखाप्रमुख झाल्या होत्या. रोज सकाळी वरून फोन येई. कर्जे किती बुडतात, शेतकऱ्यांचे काय चालले आहे, हे कुणी विचारत नसे. प्रश्न एकच असे, आज किती लॉगिन, म्हणजे पॉलिसीचे किती अर्ज भरले? ज्यांचा आकडा कमी त्यांना सगळ्यांच्या देखत ऐकून घ्यावे लागे. तोच सूर मग शाखाप्रमुख आपल्या अधिकाऱ्यांना लावत, आणि बाईंनीही लावला. डिसेंबर २००७मध्ये त्यांच्या शाखेतल्या एका तरुण अधिकाऱ्याने एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांची ठेव मोडून त्यांना शेअर बाजाराशी जोडलेली विमा पॉलिसी दिली. अर्ज इंग्रजीत. सह्यांच्या जागी पेन्सिलीने फुल्या मारलेल्या. गुरुजींनी फुल्या बघून सह्या केल्या. पसंत नसेल तर तेव्हा पंधरा दिवसांत पॉलिसी परत करता येत असे, हे त्यांना कुणी सांगितले नाही. शाखेच्या बैठकीत त्या अधिकाऱ्यासाठी टाळ्या वाजल्या. पहिली टाळी बाईंची होती.

२००८च्या जानेवारीत एकवीस हजारांवर गेलेला सेन्सेक्स ऑक्टोबरात दहा हजारांखाली आला. डिसेंबरात गुरुजी आले. त्यांना 'पावती' मोडायची होती. ती पावती नाही, आणि दुसरा हप्ता भरायची वेळ झाली आहे, हे बाईंना त्यांना सांगावे लागले. गुरुजी रागावले नाहीत. तुम्ही होता म्हणून मी वाचलं नाही, एवढेच म्हणाले.

पुढे १ सप्टेंबर २०१०पासून विमा नियामकाने अशा पॉलिस्यांवरचे खर्च बांधून दिले, पैसे काढता न येण्याची किमान मुदत तीनवरून पाच वर्षे केली. बाईंच्या मते ते चांगले झाले, पण उशिरा झाले. त्यांची तक्रार नियमांपेक्षा माणसांवर आहे. आपल्या व्यवसायात आकडा वरून खाली येताना प्रत्येक पायरीवर माणूस पुसला जातो, असे त्या म्हणाल्या आणि अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेचे उदाहरण दिले. दर ग्राहकामागे बँकेची आठ उत्पादने, हा तिथला ध्यास. तो गाठायला कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता लाखो खाती उघडली. सप्टेंबर २०१६मध्ये बँकेला १८ कोटी ५० लाख डॉलरचा दंड झाला. तोवर सुमारे ५,३०० जणांना नोकरीवरून काढलेले होते, त्यांत काउंटरवरची साधी माणसे भरपूर. बँकेचे प्रमुख पुढच्या महिन्यात पायउतार झाले. "आधी कोण गेलं ते बघा," बाई म्हणाल्या.

"जे टार्गेट घेऊन तुम्ही स्वतः काउंटरवर बसणार नाही, ते खाली पाठवू नका." हे वाक्य त्यांनी भाषणात तीनदा उच्चारले. सल्ला म्हणावा असे त्या एवढेच बोलल्या. तुमच्यातले कित्येक जण दहा वर्षांत असे फोन करणाऱ्या खुर्चीत असतील, मला आज त्या खुर्चीशीच बोलायचे आहे, असे म्हणताना त्या मुलांकडे बघत होत्या. झगे घातलेल्या रांगांत आता चुळबुळ नव्हती.

व्यासपीठावरून वेळेची चिठ्ठी आली. ती त्यांनी वाचली, बाजूला ठेवली आणि गुरुजींची गोष्ट पुरी केली.

तीन वर्षांची अट संपल्यावर, २०११च्या सुरुवातीला, वजावटी होऊन जे काही उरले ते परत मिळणार होते. बाईंची तोवर बदली झाली होती. तरी त्या अर्ज घेऊन स्वतः गुरुजींच्या घरी गेल्या. शाखेतल्या कुणीतरी सवयीने त्या अर्जावरही पेन्सिलीच्या फुल्या मारून दिल्या होत्या. गुरुजींनी चहा मागवला. चष्मा लावला, अर्ज मांडीवरच्या पाटीवर ठेवला. मग नातवाच्या कंपासपेटीतून खोडरबर काढले, एकेक करून सगळ्या फुल्या खोडल्या, कागदावर फुंकर मारली आणि अर्ज बाईंपुढे धरला.

"आता वाचा," ते म्हणाले.

बाईंनी ओळ न ओळ मराठीत सांगितली. गुरुजी प्रत्येक ओळीखाली बोट ठेवून ऐकत होते. त्याला दीड तास लागला.