सामन्यांचा थाट आणि रयतेची थैली

[एका खेड्यांतील तालमीच्या वार्षिक उत्सवांत तेथील प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण]



पुढल्या वर्षीं जिल्ह्याचे कुस्तीसामने आपल्या गांवानें भरवावे कीं नाहीं, यावर गेला महिनाभर पारावर, दूध डेअरीवर व लोहाराच्या भात्यापाशीं दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, गांवाचें नांव होईल, चार दुकानें चालतील, पोरांना ईर्षा चढेल. दुसरा तट विचारतो, खर्च कोण सोसणार? तरुण मंडळाची योजना अशी कीं, कांहीं वर्गणी काढावी, कांहीं पतसंस्थेचें कर्ज काढावें, आणि कमी पडेल तेथें शाळेच्या छपरासाठीं जमलेला निधि तूर्त वापरावा. या 'तूर्त' शब्दाची मला फार धास्ती वाटते. ती कां, हें पुढें सांगतों.

प्रथम एक गोष्ट स्वच्छ करून टाकतों. मास्तर उभा राहिला म्हणजे 'खेळ सोडा, पुस्तक धरा' एवढेंच म्हणणार, अशी कोणाची समजूत असेल तर ती सोडून द्या. मी खेळाचा वैरी नाहीं. राजर्षि शाहू महाराजांनीं कोल्हापुरास खासबागेचें कुस्तीमैदान बांधलें, तें १९१२ सालीं खुलें झालें. मधोमध हौदा, आणि सभोंवार वर चढत गेलेली बैठक. त्यामुळें अगदीं पाठीमागें बसलेल्या गुराख्यालाही पुढल्या मानकऱ्याइतकीच कुस्ती दिसते. शंभरांहून अधिक वर्षें झालीं, आणि त्या मातींत किती पिढ्यांच्या मल्लांनीं अंग घुसळलें याची गणती नाहीं. त्या खर्चाला उधळपट्टी म्हणणारा शहाणा मला अजून भेटावयाचा आहे. तेव्हां खेळावर पैसा खर्चावा कीं नाहीं, हा वादच नाहीं. पैसा कोणाचा, तो कशावर जातो, आणि मांडव उठल्यावर मागें काय उरतें, एवढाच वाद आहे.

आतां दिल्लीची हकीकत ऐका. राष्ट्रकुल म्हणजे बहुतेक एके काळीं इंग्रजांच्या अमलाखालीं असलेल्या देशांचा मेळा. त्यांचे खेळ चार चार वर्षांनीं भरतात. २०१० चे खेळ दिल्लीस भरवण्याचा मान आपल्या देशाला २००३ सालीं मिळाला. मागणी केली तेव्हां खर्चाचा अंदाज होता सुमारे १,२०० कोटी रुपयांचा. खेळ झाले ३ ते १४ ऑक्टोबर, म्हणजे अवघे बारा दिवस. पुढें २०११ च्या ऑगस्टांत महालेखापरीक्षकांचा अहवाल संसदेपुढें आला. त्यांत खर्चाचा आंकडा १८,५०० कोटींच्या वर गेलेला होता, आणि विमानतळाचा व मेट्रोचा खर्च त्यांत धरलेलाच नव्हता! एका रुपयाचे पंधरा रुपये झाले. आपल्यांतल्या एखाद्या कुणब्यानें एक लाखाची विहीर म्हणून काम काढलें आणि पंधरा लाखांवर पावती फाटली, तर त्याचें काय होईल, हें तुम्हांला सांगावयास नको.

पैसे कोणीं खाल्ले, याचा निवाडा करणें कोर्टाचें काम आहे; तें मी करीत नाहीं. परंतु कोणीं एक पैसाही खाल्ला नाहीं असें धरलें, तरी असल्या कामांत खर्च फुगतोच. त्याचें कारण समजून घ्या. या कामाची तारीख हलत नाहीं. घराची भिंत या उन्हाळ्यांत झाली नाहीं तर पुढल्या उन्हाळ्यांत घालतां येते. पण पाहुण्यांना तिथि दिल्यावर 'थांबा, आमचा मांडव व्हावयाचा आहे' असें म्हणतां येत नाहीं. दिल्लीकरांच्या हातांत सात वर्षें होतीं. तीं नीट वापरलीं नाहींत, आणि अखेरीस घाईगर्दीनें कामें दिलीं, असा ठपका त्या अहवालांत आहे. लग्नाच्या आदल्या रात्रीं जो बाजाराला निघतो, त्याला दुकानदार भाव सांगतो तोच भाव. ठेकेदार हें पक्कें जाणून असतो.

आणि राबणाऱ्याचें काय झालें? दिल्ली उच्च न्यायालयानें नेमलेल्या समितीनें २०१० सालीं मजुरांची पाहणी केली. किमान मजुरीहून कमी पैसे, गुरांनाही कोंडूं नये अशा राहण्याच्या जागा, आणि कामावरचे अपघाती मृत्यू, असें चित्र तींतून पुढें आलें. खेळांना दोन आठवडेही उरले नव्हते, तेव्हां २१ सप्टेंबर रोजीं मुख्य स्टेडियमजवळचा पादचारी पूल कोसळला व वीसहून अधिक मजूर जखमी झाले. गरिबांच्या झोपड्या उठल्या. यमुनेकाठीं खेळाडूंसाठीं बांधलेले फ्लॅट मागाहून विकले गेले. ते पाटी वाहणारीच्या ऐपतींतले नव्हते.

याहून एक गोष्ट मनाला जास्त लागते. अनुसूचित जातींच्या कल्याणासाठीं राखून ठेवलेल्या निधींतून सहाशे कोटींहून अधिक रुपये दिल्लींत या खेळांच्या कामांकडे वळवले गेले होते, ही गोष्ट २०१० च्या ऑगस्टांत गृहमंत्र्यांना राज्यसभेंत मान्य करावी लागली. ज्याच्या पोराच्या वह्यापुस्तकांचा पैसा, त्याला कोणीं विचारलें होतें? थाट करावयाचा झाला कीं पहिला हात अशाच डब्यांत जातो, कारण त्या डब्याच्या मालकाचा आवाज दरबारांत पोंचत नाहीं. बंधूंनो, आपल्या शाळेच्या छपराचा निधिही असाच एक डबा आहे.

हा रोग आपल्याच देशाचा आहे असें समजूं नका. कॅनडांत मॉन्ट्रियल नांवाचें शहर आहे. तेथें १९७६ सालीं ऑलिंपिक भरलें. तेथल्या नगरप्रमुखांनीं आधीं छातीठोक सांगितलें होतें कीं, पुरुषाला मूल होणें जसें अशक्य, तसेंच ऑलिंपिकला तूट येणें अशक्य! पुढें त्या शहराच्या डोक्यावर सुमारे दीडशे कोटी डॉलरचें कर्ज बसलें. स्टेडियमचा मनोरा व छप्पर पुरे होण्यास १९८७ साल उजाडलें. तंबाखूवर जादा कर बसवून तें कर्ज फेडीत फेडीत २००६ साल आलें. म्हणजे खेळ पाहावयास बापाच्या खांद्यावर बसून गेलेलें पोर स्वतः बाप झालें, तरी विडीकाडीमागें त्या पंधरा दिवसांचा हप्ता भरतच होतें.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहींतर मी एकतर्फी बोललों असें होईल. अमेरिकेंतल्या लॉस एंजेलिस शहरानें १९८४ चें ऑलिंपिक भरवलें, आणि वीस कोटी डॉलरांहून अधिक शिल्लक दाखवली. कसें जमलें? मॉन्ट्रियलचे हाल पाहून दुसरें कोणी मागणीला उभेंच राहिलें नव्हतें. म्हणून या शहराला आपल्या अटी घालतां आल्या. मुख्य स्टेडियम नवें बांधलें नाहीं, १९२३ सालीं बांधलेलेंच झाडूनपुसून वापरलें. नवरदेव एकच असला म्हणजे हुंड्याचा भाव वधूपित्याला उतरवतां येत नाहीं, तसाच हा प्रकार. मात्र येथें नवरदेव शहर होतें.

दुसरी गोष्ट डेन्व्हर शहराची. १९७६ चें हिवाळी ऑलिंपिक त्या शहराला मिळालें होतें. परंतु १९७२ च्या नोव्हेंबरांत त्या प्रांताच्या मतदारांनीं मतपेटींतून सांगितलें कीं, आमच्या कराचा पैसा यावर खर्चूं नका. खेळ ऑस्ट्रियांतल्या इन्सब्रुक शहरीं गेले, आणि डेन्व्हरचें कांहीं बुडालें नाहीं. हल्लींचें उदाहरण ऑस्ट्रेलियांतल्या व्हिक्टोरिया राज्याचें. २०२६ चे राष्ट्रकुल खेळ त्यानें पत्करले होते. अंदाज २६० कोटी डॉलरचा होता, तो ६०० कोटींच्या वर जाणार असें दिसतांच २०२३ च्या जुलैंत त्या सरकारनें हात वर केले. पण शब्द मोडल्याबद्दल ३८ कोटी डॉलर भरावे लागले. मग ग्लासगो शहरानें ते सामने घेतले, तेही दहाच खेळांपुरते. हिशेब तिथि देण्यापूर्वीं करावा, मागाहून नव्हे, हा त्यांतला धडा.

कोणी म्हणतील, 'गुरुजी, दिल्लींत फायदा कांहींच झाला नाहीं काय?' झाला. त्या खेळांत भारतानें १०१ पदकें मिळवलीं व दुसरा क्रमांक पटकावला. आपल्या नाशिककडील सावरपाड्याच्या आदिवासी कुटुंबांतली कविता राऊत दहा हजार मीटर धावली आणि कांस्यपदक घेऊन आली. तें पाहून किती पाड्यांवरच्या मुली धावूं लागल्या असतील! हा लाभ रुपयांत मोजतां येत नाहीं, आणि तो मी नाकारीत नाहीं. पण कविता धावावयास शिकली ती दिल्लीच्या स्टेडियमांत नव्हे, डोंगराच्या वाटेवर. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ सालीं हेलसिंकीस गेले, तेव्हां राजाराम कॉलेजच्या प्रिन्सिपॉल खर्डेकरांनीं आपलें घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, अशी हकीकत सांगतात. खाशाबांनीं स्वतंत्र भारताचें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणलें. त्यांचा मिरवणुकीचा थाट झाला तो जिंकल्यावर, आधीं नव्हे. पैसा मल्लाच्या पोटांत जातो कीं मांडवाच्या झालरींत जातो, यावर सारें आहे.

रस्ते व पूल झाले, तेंही खरें. परंतु रस्ता हवा असेल तर रस्ता करावा. त्याला खेळाचें निमित्त कशाला? लग्नाच्या निमित्तानें घर शाकारलें, ठीक. पण शाकारणीचा खर्च लग्नाच्या नांवावर आणि लग्नाचें कर्ज शाकारणीच्या नांवावर लिहिलें, कीं दोन्ही हिशेब बुडतात, व कोणाला कांहीं विचारतां येत नाहीं.

आतां 'तूर्त' विषयीं सांगतों. यांत दोष माझाही आहे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीं मी दुसऱ्या एका गांवीं नोकरीस होतों. तेथें तीन दिवसांचे कबड्डीसामने भरले, आणि लिहितां येतें म्हणून हिशेबाची वही माझ्याकडे आली. दुसऱ्या दिवशीं अवकाळी पाऊस झाला. तिकिटें विकलीं गेलीं नाहींत. शहराकडचा लाऊडस्पीकरवाला व पाहुण्यांचे मोटारवाले रोख घेतल्याशिवाय हलेनात, म्हणून त्यांना आधीं दिले. राहिले कोण? मांडववाला, रांजण पुरवणारा कुंभार, भाकऱ्या थापणाऱ्या तीन बाया आणि हलगीवाले. कारण ते गांवचे, ओळखीचे, थांबणारे. मीं वहींत त्यांच्या नांवांपुढें लिहिलें, 'तूर्त बाकी'. कुंभाराचे व त्या बायांचे पैसे मीं पुढें माझ्या पगारांतून दिले. हलगीवाल्यांचे अर्धे दिले. मांडववाल्याचे आजतागायत पुरे झाले नाहींत. त्या गांवीं गेलों म्हणजे त्याच्या दारावरून जावयाची मला लाज वाटते. तो कधीं मागत नाहीं. 'गुरुजी, चहा घ्या' म्हणतो. तेंच जास्त बोंचतें. लहान गांव असो कीं दिल्ली असो, सामन्याचा मान वरच्यांना मिळतो आणि तोटा उतरत उतरत अशाच माणसाच्या उंबऱ्याशीं येऊन थांबतो.

अहमदाबादेस २०३० चे राष्ट्रकुल खेळ भरावयाचे आहेत. २६ नोव्हेंबर २०२५ रोजीं ग्लासगोच्या सभेंत तें पक्कें झालें. २०३६ चें ऑलिंपिकही भारतांत आणण्याची खटपट २०२४ सालापासून कागदोपत्रीं सुरू आहे. त्यांत आपल्या करांचाही पैसा जाणार. काडेपेटी घेणारी म्हातारीही कर भरते, हें विसरूं नका. तेव्हां आपल्या आमदार-खासदारांना विचारण्याचा आपला हक्क आहे: पहिला अंदाज किती, आजचा किती? कोणत्या खात्याचा पैसा वळवला? मजुराला मजुरी पोंचते काय? आणि खेळ संपल्यावर त्या मैदानाच्या फाटकाची किल्ली कोणाच्या हातीं?

हेच प्रश्न आपण आज स्वतःला विचारूं. माझें म्हणणें चार कलमांत सांगतों. सामने जरूर भरवा, पण तीन दिवस नव्हे, एकच दिवस. आणि कर्ज न काढतां, जमेल तेवढ्या वर्गणींत. जमलेल्या पैशांतून आधीं तालमीसाठीं मॅट घ्या, म्हणजे सामने संपल्यावरही पोरें व पोरी तिच्यावर मेहनत करतील. झालर व फटाके उरल्यास घ्या. तिसरें, मांडववाला, आचारी, हलगीवाला, पाणक्या यांचे पैसे सामन्याच्या आदल्या दिवशीं चुकते करा, आणि पाहुण्यांचे हारतुरे शेवटीं. चौथें, जमाखर्च ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा, आणि ज्यांना वाचतां येत नाहीं त्यांना ग्रामसभेंत वाचून दाखवा. तें काम मी करीन.

शाळेच्या छपराच्या निधीला मात्र कोणीं हात लावूं नये. गेल्या पावसाळ्यांत तिसरीचीं मुलें दप्तरें डोक्यावर घेऊन बसलीं होतीं, हें त्यांच्या आयांनीं पाहिलें आहे. तो निधि त्या मुलांचा आहे, आणि त्यांना मत नाहीं. म्हणून त्यांच्या वतीनें आज मी बोललों. ग्रामसभा येत्या सोमवारीं आहे. बायाबापड्यांसह सर्वांनीं यावें व हात वर करून काय तें ठरवावें.