मोठे कुटुंब आणि रेशनचे धान्य
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



रेशनच्या रांगेत पाच-सहा लेकरांची आई उभी राहिली की मागून आवाज येतो, "फुकटचं मिळतंय, म्हणून पोरं वाढवतात." परके बोलतातच, पण आपले नोकरदारही बोलतात. म्हणून आज हिशेबच मांडतो.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो धान्य. घरात दोन माणसे असोत की नऊ, धान्य तेवढेच. पोर वाढले की प्रत्येकाच्या ताटातले कमी होते. प्राधान्य कार्डावर माणशी ५ किलो. म्हणजे दिवसाला पाव किलोसुद्धा नाही. मातृवंदना योजनेचे पैसे पहिल्या बाळंतपणाला, दुसऱ्या वेळी मुलगी झाली तरच. तिसऱ्याला काही नाही. एवढ्यासाठी कोणती बाई कळा सोसेल?

लहान कुटुंब चांगलेच. १९३८ साली मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव बाबासाहेबांच्या पक्षाचे पी. जे. रोहम यांनी मांडला, तो फेटाळला गेला. पण त्यात गरिबाची हेटाळणी नव्हती, कळकळ होती. आणि स्वतः बाबासाहेब तरी आईबापांचे चौदावे अपत्य! लेकराची किंमत त्याच्या नंबरावरून करू नका.

धान्य ही भीक नव्हे, कायद्याने दिलेला हक्क आहे. तेव्हा त्या बाईला टोमणा मारू नका. लेकरांची नावे कार्डावर चढली नसतील तर अर्ज भरून द्या. तिच्या मुलींना शाळेत टिकवा. शिकलेली मुलगी आपले कुटुंब आपणच ठरवते.

जय भीम! नमो बुद्धाय!