खडकातील भेग आणि गणकयंत्राचे गणित

चंद्रपूर आणि गडचिरोली हे १९८२ पर्यंत एकच जिल्हा होते. प्रवाशाच्या नजरेस तेथे प्रथम भरते ते साग, बांबू आणि मोहाचे अरण्य. परंतु पश्चिमेस, वर्धा नदीच्या खोऱ्यात, भूमीच्या पोटात दगडी कोळशाचे थर आहेत आणि त्यांवर वालुकाश्माचे पांघरूण आहे. बल्लारपूर, दुर्गापूर, लालपेठ या परिसरात माणसे पिढ्यान्‌पिढ्या जमिनीखाली उतरून हा कोळसा काढीत आली. तेथे खडकाचा थर हेच त्यांचे छप्पर. त्या छपरातील भेग कोठवर वाढेल, हा निव्वळ शास्त्राचा प्रश्न नव्हे; पाळी संपल्यावर खाणकामगार सुखरूप घरी परतेल की नाही, हा प्रश्न आहे.

लोखंडाची तार मोडण्यापूर्वी वाकते, म्हणजे आगाऊ सूचना देते. मुलांची दगडी पाटी तशी सूचना देत नाही. ती एकदम फुटते. पाटी, काच, कोळसा, वालुकाश्म हे सारे ठिसूळ पदार्थ होत. काच कापणारा कारागीर हिऱ्याच्या टोकाने एक बारीक ओरखडा काढतो आणि हलकासा दाब देतो. काच नेमकी त्याच रेषेवर दुभंगते. याचे कारण असे की, सारा ताण ओरखड्याच्या टोकाशी एकवटतो. इंग्लिस या इंग्रज पंडिताने १९१३ मध्ये हे गणिताने दाखविले.

पुढे १९२१ मध्ये ग्रिफिथ याने काचेवर प्रयोग करून भेगेचा जमाखर्चच मांडला. भेग वाढली की पदार्थात साठलेली काही शक्ती मोकळी होते, ती जमा. नवा पृष्ठभाग उघडण्यास शक्ती लागते, तो खर्च. जमेची बाजू वरचढ झाली की भेग आपोआप धावू लागते. यातून निघणारा नियम मनात ठेवण्याजोगा आहे. इतर गोष्टी समान असता भेगेची लांबी चौपट झाली, तर पदार्थाची ताण सोसण्याची शक्ती निम्मीच उरते.

एका काचेस, एका भेगेस हा हिशेब हाताने करता येतो. खाणीच्या छतात मात्र थर, सांधे आणि भेगा असंख्य असतात. तेथे गणकयंत्र साहाय्यास येते. खडकाचे चित्र हजारो लहान तुकड्यांत विभागून प्रत्येक तुकड्यावरील भार ते मोजते. परंतु येथे एक अडचण उभी राहते. भेगेला तुकड्यांच्या कडांवरूनच चालावयास लावले, तर तिचा मार्ग खडकाचा न राहता चित्रकाराचा होतो. ही अडचण निरनिराळ्या शास्त्रज्ञांनी निरनिराळ्या रीतींनी सोडविली. कंडल याने १९७१ मध्ये सांध्यांनी भरलेला खडक सुट्या ठोकळ्यांचा समूह मानून त्यांच्या हालचाली मोजल्या. फ्रांकफोर आणि मारिगो या दोघांनी १९९८ मध्ये ग्रिफिथचा जमाखर्च अशा रीतीने मांडला की, भेगेचा मार्ग आधी ठरवून द्यावा लागू नये. तो गणितातूनच निघावा.

भूमिगत खाणीत कोळशाचे खांब राखून मधली दालने पोखरतात आणि शेवटी ते खांबही काढून घेतात. दालन किती रुंद असावे, छतात लोखंडी सळया किती अंतरावर ठोकाव्यात, खांब कोणत्या क्रमाने काढावेत, यांचा अंदाज अशा गणितातून बांधता येतो. धनबादच्या केंद्रीय खनन व इंधन संशोधन संस्थेत अशा प्रश्नांचा अभ्यास चालतो.

मात्र गणकयंत्रास जेवढे सांगावे तेवढेच ते जाणते. खडकाच्या पोटात दडलेला सांधा कोणी नोंदविलाच नाही, तर सारे गणित बिनचूक असूनही उत्तर चुकते. म्हणून खाणीतील सरदार आजही काठीने छत ठोकून पाहतो. खणखणीत नाद आला तर खडक सलग. पोकळ नाद आला तर वर थर सुटलेला. त्या पोकळ नादाची नोंद ज्या दिवशी कागदावर आणि कागदावरून गणितात जाते, त्या दिवशी ते गणित त्या छताचे होते. एरवी ते केवळ एका कल्पित खडकाचे असते. गणित भेगेची चाल सांगेल. भेग आहे कोठे, हे मात्र छताखाली उभ्या असलेल्या माणसानेच त्यास सांगावयाचे आहे.