सूर्याची वीज आणि जाळ्याचा ठेका
(उज्जैन येथे मराठीभाषक ग्रामस्थ, शिक्षक व अधिकारी यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



उज्जैन ही काळ मोजणाऱ्यांची नगरी. प्राचीन ज्योतिर्विदांनी हिच्यावरून जाणारी रेषा मध्यरेखा मानली. सवाई जयसिंगांनी येथे वेधशाळा उभारली व १९२३ साली माधवराव शिंदे महाराजांनी तिचा जीर्णोद्धार करविला. आज मी ज्या यंत्राविषयी बोलणार आहे, त्याचेही मुख्य काम वेळ पाळणे हेच आहे.

आपले वीजजाळे सेकंदाला ५० आवर्तनांच्या ठेक्यावर चालते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाच्या जाळ्याशी एकतालात आले. तेव्हापासून दक्षिणेतले जनित्र आणि उज्जैनचा घरगुती पंखा एकाच ठेक्यावर चालतात.

सौर पट्ट्यांतून निघणारी वीज मात्र एकाच दिशेने वाहते. तिला ठेका नाही. तो देण्याचे काम इन्व्हर्टर करतो. त्यातील इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करून हवी तशी लहर घडवतात. त्यांचे नियंत्रण करणारा भाग जाळ्याची लहर सतत पाहतो, पट्ट्यांतून जास्तीत जास्त शक्ती काढून घेतो आणि ती नेमक्या क्षणी जाळ्यात सोडतो. दिंडीतला टाळकरी पखवाज ऐकून टाळ वाजवतो, तसेच हे आहे.

एखादा टाळकरी चुकला तर दिंडी थांबत नाही. पण शेकडो एकदम थांबले तर? उज्जैन विभागातच आगर येथे ५५०, शाजापूर येथे ४५० व नीमच येथे ५०० मेगावॅटची सौर उद्याने आखली गेली. तेव्हा हा प्रश्न आता आपल्या दाराशी आला आहे. दूरच्या वाहिनीवर वीज कोसळली की विद्युत दाब क्षणभर खाली येतो. अशा क्षणी मोठ्या केंद्राने घाबरून बाजूला होणे धोक्याचे असते. २८ सप्टेंबर २०१६ रोजी दक्षिण ऑस्ट्रेलियात वादळाने मनोरे पडले व दाब वारंवार कोसळला. असे किती धक्के सोसायचे याची मर्यादा अनेक पवनचक्क्यांच्या नियंत्रकात ठरवून ठेवलेली होती. ती ओलांडताच सुमारे ४५६ मेगावॅट वीज कमी झाली आणि काही क्षणांत संपूर्ण राज्य अंधारात बुडाले. जाळे सांभाळणाऱ्यांना त्या मर्यादेची कल्पनाच नव्हती. आपल्याकडेही केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांनी मोठ्या पवन व सौर केंद्रांवर असा क्षणिक धक्का सोसून जोडलेले राहण्याचे बंधन घातले आहे.

घराच्या छपरावरील संचाची गोष्ट निराळी. ग्रामस्थ विचारतात, “ऊन लख्ख पडले आहे; मग गावची वीज गेली की आमचा संच का बंद पडतो?” हा बिघाड नव्हे, ती सुरक्षा आहे. वाहिनी बंद करून लाईनमन खांबावर चढलेला असतो. त्या वेळी एखादा संच चालू राहिला, तर त्याची वीज रोहित्रातून उलटी जाऊन ११ हजार व्होल्टपर्यंत चढू शकते आणि एका माणसाचा जीव घेऊ शकते. म्हणून ही व्यवस्था कोणीही, कोणत्याही सबबीवर, निकामी करू नये. वीज गेल्यावरही पुरवठा हवा असेल, तर घराला जाळ्यापासून वेगळे करणारी बॅटरीसह मान्य जोडणी घ्यावी.

आणखी एक अडचण आहे. औष्णिक केंद्रातील अवजड चक्रे अचानक धक्का बसला तरी आपल्या वेगाने क्षणभर ठेका टिकवून धरतात. सौर पट्टीत असे फिरणारे वजन नाही. म्हणून काही इन्व्हर्टरांनी बॅटरीच्या आधाराने स्वतः ठेका धरावा, अशी नियंत्रणपद्धती पुढे आली आहे. टाळकऱ्यांपैकी काहींनी आता पखवाज शिकावयाचा आहे.

शेवटी तीन विनंत्या. अधिकाऱ्यांनी संच सुरू करतानाच नियंत्रकातील नेमणुकींची नोंद तपासून कागदोपत्री ठेवावी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना बंद पडलेल्या संचामागचे कारण समजावून सांगावे. ग्रामस्थांनी संचाच्या जोडणीत परस्पर फेरफार करू देऊ नयेत. ऊन फुकट मिळते. त्याची शिस्त मात्र आपल्यालाच पाळावी लागते.