खबर देणाऱ्याला शिक्षा नको

(सिहोरा रोड येथे रेल्वे व डाक कर्मचाऱ्यांच्या मेळाव्यात शाखा सचिवांनी केलेले भाषण)



महागाई भत्ता आणि पेन्शन हे आपले नेहमीचे विषय. आज मी मोटारीच्या पीयूसीविषयी बोलणार आहे. आपल्यापैकी कित्येकांनी सोसायटीचे कर्ज काढून जुनी पेट्रोल मोटार घेतली आहे. २०१९ साली मोटार वाहन कायदा दुरुस्त झाला. तेव्हापासून प्रदूषणाच्या पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. हप्ते फेडणाऱ्याला हे कसे परवडणार?

तपासणीत काय पाहतात ते आधी समजून घ्या. बीएस-४ पेट्रोल मोटारीचे इंजिन आयडलिंगला असताना कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्याच्या आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत लागते. मग इंजिन मिनिटाला सुमारे २५०० फेऱ्यांवर नेतात. तेथे कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्क्याच्या आत आणि लॅम्डा ०.९७ ते १.०३ असावा लागतो. एक किलो पेट्रोल पुरते जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हवा बरोबर तेवढीच असली, की लॅम्डा १ येतो.

हा मेळ राखण्यासाठी धुराच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो. १९७६ साली तो व्होल्वो मोटारीत प्रथम आला. जळलेल्या वायूत ऑक्सिजन उरला असेल तर साधा सेन्सर ०.१ व्होल्टच्या आसपास दाखवतो, उरला नसेल तर ०.९ च्या आसपास. त्यावरून गाडीतला संगणक पेट्रोल कमीजास्त करतो.

आता आपल्या कामातले उदाहरण घ्या. कीमन रूळ तपासत चालतो. रुळाला तडा गेल्याची खबर त्याने दिली, तर आपण रूळ दुरुस्त करतो, कीमन बदलत नाही. गॅरेजात पुष्कळदा उलटे घडते. चेक इंजिनचा दिवा लागला, कोड सेन्सरचा निघाला, की सेन्सर बदला म्हणतात. हजारो रुपये जातात आणि दोष जागच्या जागी राहतो.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. पहिले, सेन्सरच्या अलीकडे नळीला भोक किंवा जोडाला फट आहे का ते पाहा. तेथून बाहेरची हवा आत शिरते. सेन्सरला वाटते पेट्रोल कमी पडते आहे, आणि संगणक उगाच जास्त पेट्रोल सोडतो. दुसरे, स्पार्क प्लग पाहा. एक प्लग चुकला, की न जळलेल्या पेट्रोलबरोबर न वापरलेला ऑक्सिजनही बाहेर येतो, आणि तीच फसगत होते. तिसरे, एअर फिल्टर आणि वायर पाहा. उंदीर वायर कुरतडतात. एवढे झाल्यावर गरम इंजिनावर सेन्सरचे व्होल्टेज मोजायला सांगा. काटा वरखाली होत नसून एकाच जागी अडकला असेल, तरच नवा सेन्सर घ्या.

बॅटरीची तार काढून दिवा विझवू नका. त्याने दोष जात नाही, उलट संगणकाने शिकलेले पुसले जाते.

तपासणीला थंड गाडी नेऊ नका. सेन्सर सुमारे ३०० अंश तापल्याशिवाय नीट काम करत नाही. कटनी किंवा जबलपूरच्या रस्त्याला वीसेक मिनिटे गाडी चालवा आणि गरम असतानाच नळी लावून घ्या. बीएस-४ आणि बीएस-६ गाडीचे प्रमाणपत्र एक वर्ष चालते, त्याआधीच्या गाडीचे सहा महिने. तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. डिझेल गाडीची तपासणी वेगळी. तिथे धुराचा काळेपणा मोजतात.

काही जण विचारतात, नळी न लावताच कागद मिळत असेल तर एवढी खटपट कशाला? बंधूंनो, कागद खिशात राहतो, धूर रस्त्यावर राहतो. बंद फाटकाशी दहा गाड्या घरघरत उभ्या असतात, तेव्हा तो धूर गेटमनच्या छातीत जातो. टपालाची पिशवी घेऊन सायकलवर मागून येणाऱ्या पोस्टमनच्या छातीत जातो. दोघेही आपलेच सभासद आहेत. फाटक बंद दिसले की इंजिन बंद करा, एवढे तर आजपासूनच होईल.

कामाच्या जागी दोष दाखवणाऱ्यालाच नोटीस मिळते, तेव्हा आपण संघटना म्हणून उभे राहतो. मग आपल्या गाडीतही तोच न्याय लावूया : खबर देणाऱ्याला काढण्याआधी खबर खरी आहे का ते तपासूया.

कामगार एकजूट झिंदाबाद!