इंजिनचं ऑईल कधी बदलायचं?



मुळशीत पाऊस लागला, खाचरं भरली की पॉवर टिलर चिखलणीला उतरतो. महिनोन् महिने छपरात पडून असलेलं इंजिन मग पंधरा-वीस दिवस सकाळपासून अंधार पडेस्तोवर चालतं. ऐन लावणीत ते जाम झालं, तर पौडला मेकॅनिक गाठून पार्ट आणेपर्यंत आठवडा जातो आणि इकडं रोप जून होतं. जून रोपाला फुटवे कमी येतात, हे तुम्हांला सांगायला नकोच.

पुष्कळ जण म्हणतात, "ऑईल काळं पडलं, बदला." पण डिझेल इंजिनात नवं ऑईलसुद्धा थोड्याच तासांत काळं होतं. आतली काजळी आपल्या अंगावर घ्यायची, हे तर त्याचं काम! तेव्हा नुसत्या रंगावर जाऊ नका.

टिलर सपाट जागी उभा करा. बांधाला तिरपा असेल तर माप खोटं येतं. इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, कांडी स्वच्छ फडक्यानं पुसा, पुन्हा घालून पाहा. ऑईल दोन खुणांच्या मध्ये हवं. कमी असेल तर त्याच नंबरचं भरा, पण वरच्या खुणेच्या वर नको.

आता ऑईल निवल्यावर एक थेंब बोटांत चोळा. कचकच लागली तर धूळ किंवा धातूचा कीस आहे; बदला. पातळ लागतंय, डिझेलचा वास येतोय आणि न भरताच पातळी वाढलीय, तर आत डिझेल उतरतंय. दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय. आपल्याकडच्या पावसात ही खूण रोज पाहावी. झाकण सैल राहिलं असेल, नाहीतर हेडचं गॅस्केट गेलं असेल. या दोन्ही वेळी नुसतं ऑईल बदलून मशीन हाणू नका. आधी कारण शोधा.

यातलं काहीच दिसलं नाही, तर बदलायची वेळ तास ठरवतात. छपराच्या दारावर रोजचे तास खडूनं मांडा. रोज 8 तास धरले तर पंधरा दिवसांत 120 होतात. तुमच्या मशीनच्या पुस्तकात 100 तास लिहिले असतील, तर ती पाळी भर लावणीतच येणार. म्हणून ऑईलचा डबा आधीच घरात आणून ठेवा. नव्या इंजिनचं पहिलं ऑईल मात्र याहून लवकर बदलायचं असतं. तेही पुस्तकात पाहा.

जुनं ऑईल इंजिन कोमट असताना काढा, म्हणजे गाळासकट निघतं. ते ओढ्यात ओतू नका, तेच पाणी पुढं मुळेला जातं. डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या. नवं भरल्यावर इंजिन दोन मिनिटं चालवा, बंद करा, थोडं थांबा आणि कांडी पुन्हा पाहा. फिल्टर भरला की पातळी थोडी उतरते.